आयएनएस दिल्लीच्या ६ इंची तोफा: १/६०० मॉडेलला पितळी नळ्या कुठून आणि कशा बसवाव्यात?

रोहन_माशेल

नमस्कार मंडळी.

चवथ आटोपली, पाहुणे गेले आणि बोट पुन्हा टेबलावर आली. एअरफिक्सचं १/६०० (खऱ्या बोटीच्या सहाशेव्या भागाचं) एचएमएस अजॅक्स या ब्रिटिश युद्धनौकेचं किट घेऊन त्यातून आपल्या नौदलाची जुनी युद्धनौका आयएनएस दिल्ली करतोय. दिल्ली म्हणजे आधीची अकिलीस, अजॅक्सच्याच वर्गातली. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत दोघी मिळून ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेच्या मागे लागल्या होत्या, म्हणून हेच किट निवडलं.

गोवा मुक्तिदिनाला आमच्या वाचनालयात १९६१ च्या कारवाईचं छोटं प्रदर्शन मांडतो. मुरगाव बंदरात आपल्या बेतवा आणि बियास यांनी अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज युद्धनौकेला कसं गाठलं ते इथल्या मुलांना ऐकून माहीत असतं. दिल्ली त्याच दिवशी दीवसमोर उभी राहून तोफा डागत होती, ते फारसं कुणाच्या कानावर नाही. म्हणून यंदा दिल्लीच ठेवायची.

हल आणि डेक झाले. अडलंय ते तोफांवर. किटमधल्या नळ्या म्हणजे टोक बुजलेल्या, सगळीकडे सारख्याच जाड काड्या. शेजारी रेलिंगचं फोटो-एच (धातूच्या पातळ पत्र्यातून कोरलेले बारीक भाग) लावल्यावर तर त्या फारच भरड दिसायला लागल्या. लेथवर वळलेल्या पितळेच्या नळ्या लावायचं मनात आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:

१/७०० आणि १/३५० साठी तयार सेट दिसतात, १/६०० साठी मला कुठे सापडले नाहीत. १/७०० च्या ६ इंची नळ्या इथे चालतील का? आठ लागतील. बाहेरून मागवायच्या तर पोस्टेज आणि कस्टम धरून नळ्यांच्या किमतीपेक्षा वरचाच खर्च जास्त होतो, म्हणून आधी विचारतोय.

चिकटवायला फेविक्विक की आणखी काही?

आणि एवढ्या लहान मापात खरंच फरक दिसतो का?

गौरी_म्हापसा

दिसतो. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बोटीकडे माणूस वरून आणि थोडा समोरून बघतो. त्या कोनातून पहिली नजर टरेटवरच, म्हणजे तोफांच्या फिरत्या घुमटावरच जाते. नळीच्या तोंडाला भोक असलं की डोळा लगेच ती तोफ म्हणून ओळखतो.

मी फार्मसीत काम करते, त्यामुळे माझं उत्तर सुयांचं आहे. इंजेक्शनची सुई म्हणजे आयती पोकळ नळी. ६ इंच म्हणजे १५२ मिमी, भागिले ६०० केलं की तोफेचं भोक पाव मिलिमीटर येतं. २५ गेजची सुई, ती केशरी टोपीची, तिचा आतला व्यास ०.२६ मिमी आणि बाहेरचा ०.५१. भोक अगदी बरोबर जुळतं. नवीन, न वापरलेली सुईच घ्या. आणि कटरने किंवा पकडीने कापू नका, तोंड चेपून बंद होतं. मिनी ड्रिलला पातळ कटिंग डिस्क लावून हळूहळू कापा, चष्मा घालून. कापलेलं टोक कुठे उडेल सांगता येत नाही आणि पायाखाली आलं तर वाईट. उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात.

सुई निमुळती नसते, हा तिचा दोष आहे. बेतवाच्या मॉडेलवर ४.५ इंची तोफांना मी सुयाच लावल्या आहेत. शेजारी ठेवलेल्या खऱ्या फोटोकडे पाहिलं की तो दोष मला दिसतो. तुमच्याकडे लेथवर काम करणारं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा. या गटात आहेत एक.

लेथकाका_वास्को

गौरीने बोलावलंच आहे तर सविस्तर लिहितो.

रोहन, नळ्या मागवायच्या आधी मोजायच्या कशा ते बघू. तू आठ म्हणालास. दिल्लीला सहा लागतात.

अजॅक्सला चार टरेट, प्रत्येकात दोन तोफा, म्हणजे आठ. अकिलीससुद्धा रिव्हर प्लेटला तशीच होती. पण ५ जानेवारी १९४३ ला ग्वाडलकनालजवळ जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या एक्स टरेटवर पडला. मागच्या दोन टरेटपैकी जी आतली आणि उंचावरची, ती एक्स. मग पोर्ट्समथला मोठी दुरुस्ती झाली, १९४४ ला बोट बाहेर आली, तेव्हा ती टरेट परत बसवलीच नाही. तिच्या जागी विमानविरोधी पॉम-पॉम आल्या. १९४८ च्या जुलैत बोट आपल्याकडे आली ती अशी, पुढे दोन आणि मागे एक टरेट घेऊन. १९६१ ला दीवसमोर सहाच ६ इंची तोफा होत्या. त्याच दुरुस्तीत बाजूच्या ४ इंची तोफाही जोडनळ्यांच्या झाल्या, ते किटशी ताडून बघ.

हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नकोस, मॉडेलसाठी हीच सगळ्यात मोठी सुधारणा आहे. चार टरेटच्या दिल्लीला सोन्याच्या नळ्या लावल्या तरी ती अजॅक्सच राहील. तारीख ठरव, त्या तारखेला बोटीवर काय होतं ते ठरव, मग पितळेकडे ये. एक्स टरेट काढ, तिथे पॉम-पॉमचा चबुतरा कर. एवढ्याने बोट दिल्ली दिसायला लागेल.

आता १/७०० च्या नळ्या. या तोफेची नळी ५० कॅलिबरची, म्हणजे भोकाच्या पन्नास पट लांब, ७.६२ मीटर. १/६०० वर ती १२.७ मिमी होते आणि १/७०० वर १०.९. जवळपास दोन मिमीचा फरक. तू म्हणशील, निम्मी नळी टरेटच्या आत असते, थोडी बाहेर ओढली की झालं. तसं होत नाही. तयार नळीत बहुतेक वेळा बाहेर दिसणारा भाग आणि मागे छोटी खुंटी एवढंच असतं. ओढायला मागे काही उरत नाही. दुसऱ्या बोटीची मोठी तोफ घेऊन भागेल म्हणावं तर ८ इंची नळी १/७०० वर साडेचौदा मिमी भरते, ती लांब होते. म्हणजे १/६०० ला तयार मालात जुळणारं काही नाही. वळाव्या लागतील.

मी बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. शाफ्ट, बुश, पंपाचे स्लीव्ह, हेच आयुष्यभर वळलं. २०१२ ला खाणी थांबल्या, झुवारी नदीत खनिज वाहणाऱ्या बार्ज नुसत्या उभ्या राहायला लागल्या, काम आटलं आणि घरी आणलेल्या छोट्या लेथवर मी हे बारीक काम सुरू केलं. त्यामुळे नळी कशी वळतात ते नीट सांगतो, ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांच्या उपयोगाचं होईल.

पितळ बघून घ्यायचं. फ्री कटिंग ब्रासची रॉड मागा. तिच्यात थोडं शिसं असतं, त्यामुळे कीस भुग्यासारखा सुटतो आणि पृष्ठभाग आरशासारखा येतो. भांड्यांचं किंवा पत्र्याचं पितळ चिवट असतं, त्याचा कीस लांब दोरीसारखा निघून टूलला गुंडाळतो. बारीक कामात ते नळी वाकवून टाकतं. टूलला रेक, म्हणजे धारेच्या वरच्या बाजूचा उतार, शून्य ठेवायचा. लोखंडाला लावतो तसा धारदार रेक दिला की पितळ टूलला आत ओढून घेतं, आणि दीड मिलिमीटरची रॉड असेल तर तिथेच तुटते.

दीड मिमीची रॉड कोलेटमध्ये (लेथच्या बारीक पकडीत) धरून जेमतेम चार-पाच मिमी बाहेर ठेवतो. आधी तोंड सपाट. मग मधोमध टिंब. मग पाव मिलिमीटरचा ड्रिल, फक्त अर्धा मिमी खोल. भोक आधी आणि निमुळतेपणा नंतर, हा क्रम सोडायचा नाही. रॉड पूर्ण जाड असताना ड्रिल मधोमध बसतो, नळी बारीक झाल्यावर तीच ड्रिलला टाळून बाजूला सरकते. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्यांना भोकं पाडायचे कार्बाइड ड्रिल येतात, जाड दांड्याचे, ते या कामाला उत्तम. पण ते हातात धरून चालवायचे नाहीत. कार्बाइड ठिसूळ असतं, मनगट जरा तिरकं झालं की टोक आतच राहतं. लेथच्या टेलस्टॉकमध्येच, म्हणजे समोरच्या सरकत्या टोकातच धरायचे.

भोक झालं की रॉड थोडी थोडी बाहेर ओढत तोंडाकडून मागे निमुळती करत जायची. पूर्ण लांबी एकदम बाहेर काढली तर टूलच्या दाबाने ती वाकते आणि मधे फुगीर राहते. शेवटी सपाट पट्टीवर चिकटवलेला सहाशेचा, मग हजारचा एमरी. बोटांनी एमरी धरायचा नाही, बोटाचा दाब सारखा नसतो. मागे ०.८ मिमी जाडीची तीन मिमी खुंटी ठेवून कापायची. सहाही नळ्या एका बैठकीत करायच्या, टूलची सेटिंग न हलवता. एक आज, दोन पुढच्या रविवारी असं केलं की त्या एकसारख्या येत नाहीत. आणि डोळा जाडीतला फरक माफ करतो, जोडीतल्या दोन नळ्यांच्या लांबीतला फरक अजिबात माफ करत नाही.

फरक दिसतो का, असं तू विचारलंस. दिसतो, पण चकाकीमुळे नाही, ती तर रंगाखाली जाणार. पितळ सरळ राहतं. प्लास्टिकची बारीक नळी आपल्या उन्हाळ्यात, बंद खोलीत, हळूहळू खाली झुकते. पितळेची पुढच्या पिढीपर्यंत तशीच राहील. आणि मागून पुढे जाताना ती जी बारीक होत जाते, त्या रेषेत तोफेचं सगळं रूप आहे. मला अजूनही पहिली नळी कोलेटमधून सुटून हातात आली की फार बरं वाटतं.

४ इंची तोफांना सुईवाला मार्ग चालेल, त्यातली सगळ्यात बारीक सुई घे. २० मिमीच्या ऑर्लिकॉनना, म्हणजे छोट्या विमानविरोधी तोफांना, हात लावू नकोस. १/६०० वर २० मिमीचं भोक ०.०३ मिमी येतं, केसाच्या निम्मं. तिथे तापवून ओढलेल्या प्लास्टिकचा धागा पुरे.

रोहन_माशेल

काका, देव बरें करूं! एक्स टरेटचं मला खरंच ठाऊक नव्हतं. आता कळलं की माझ्याकडच्या एका जुन्या फोटोत मागची बाजू मोकळी का दिसते.

दोन गोष्टी अजून सांगा. खुंटी टरेटमध्ये बसवताना दोन्ही नळ्या समांतर कशा राखायच्या? आणि पितळेवर रंग टिकतो का? आमच्याकडे पितळेचं काहीही चार दिवस बाहेर ठेवलं की कळकतं. आई म्हणते आमसुलाने घास.

काणकोण_दर्या

काका समांतरचं सांगतीलच. मी मैसूर करतोय, १/३५० वर, हल स्वतः बांधून. तिचं एक सांगून ठेवतो, कारण इथे कुणी ना कुणी ती करायला घेईलच.

आयएनएस मैसूर ही युद्धनौका म्हणजे आधीची एचएमएस नायजेरिया. १९६१ ला ती अंजदीवच्या कारवाईत होती, आमच्या किनाऱ्यावरून ते बेट दिसतं. तिच्या टरेट तीन नळ्यांच्या, एकूण नऊ तोफा. या ब्रिटिश तिहेरी टरेटमध्ये मधली तोफ बाजूच्या दोघींपेक्षा ३० इंच मागे बसवलेली असते. तिघी एकदम उडाल्या तर गोळे हवेत एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून ती रचना. १/३५० वर हे २.२ मिमी होतात, स्पष्ट दिसतात. तिन्ही नळ्या एका रेषेत लावल्या की टरेट लगेच परकी वाटते. तयार सेटमधल्या तिन्ही नळ्या एकाच लांबीच्या असतात, मधलीची खुंटी जास्त आत घ्यायची, पण मग टरेटच्या आत तेवढी जागा आधी कोरून ठेवावी लागते.

रोहन, तुमच्या जोडनळ्यांना ही भानगड नाही.

रंगाबद्दल एक. पाऊस पूर्ण जाईपर्यंत स्प्रे कॅनचा लॅकर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि राखाडी रंगावर पांढुरकी झाक येते. नाइलाज असेल तर भर दुपारी, आणि मारायच्या आधी भाग बल्बखाली कोमट करून. शक्य असेल तर दसऱ्यापर्यंत थांबा, तुमच्याकडे वेळ आहे.

लेथकाका_वास्को

दर्याने मधल्या तोफेचं छान सांगितलं. आता बसवणं.

टरेटच्या पुढच्या भिंतीवर जागा सुईने टोचून घे. मग पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) आधी ०.५, मग ०.८ चं भोक. मोटरचं ड्रिल नको, प्लास्टिक वितळून ड्रिलला चिकटतं आणि भोक मोठं होतं. भोक खुंटीला थोडं सैल झालं तर बिघडत नाही, उलट बरं, नळी हलवून नेमकी करता येते.

फेविक्विक नको. तो गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि आपल्या हवेत ओलावा इतका की नळी टेकली न टेकली तोच पकडतो, दुरुस्त करायला क्षण मिळत नाही. शिवाय बंद टरेटमध्ये त्याची पांढरी वाफ नळीवर बसते. सावकाश सुकणारं अॅरल्डाइट घे. काचेच्या तुकड्यावर आलेखाचा कागद चिकटव. टरेट दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने त्यावर पक्की बसव, टरेटची मधली रेघ कागदाच्या रेघेवर. समोर प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा आडवा ठेव, ज्यावर दोन्ही नळ्यांची तोंडं टेकतील. उंची पट्टीने ठरली, दिशा कागदाच्या रेघांनी ठरली. वरून एका डोळ्याने बघ, रेघ आणि नळी यांच्यातली फट दोन्ही टोकांना सारखी दिसली की हात काढून घे आणि रात्रभर बघू नकोस. तिन्ही टरेटना तीच पट्टी वापर. बंदरात उभी बोट दाखवणार असशील तर नळ्या आडव्या ठेव. दीवसमोरची दाखवायची तर सगळ्या टरेट एकाच बाजूला वळव आणि नळ्या थोड्या उचल, पण सहाही सारख्याच.

नळी टरेटमधून बाहेर येते तिथे कॅनव्हासची पिशवी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. पितळी नळी लावली की ती पिशवी आपल्याला करावी लागते, नाहीतर भिंतीतून खिळा आल्यासारखा दिसतो. एम-सीलची सुतासारखी वळी करून नळीच्या मुळाशी गुंडाळ, ओल्या टूथपिकने दोन-तीन चुण्या दाब. जास्त चुण्या नकोत, १/६०० आहे. एका जुन्या इंग्रजी रंगीत चित्रपटात रिव्हर प्लेटची लढाई दाखवताना आपली दिल्लीच अकिलीस म्हणून वापरली होती, १९५६ चा. तो मिळवून बघ, टरेट हलताना दिसतील आणि तुझ्या काळाला जवळचीच बोट आहे.

आता आमसूल. आईचं म्हणणं बरोबर आहे, आमसूल किंवा चिंच पितळेवरचा काळपटपणा लगेच काढते. पण आंबटाचा अंश राहिला तर रंगाखाली हिरवा कळंक धरतो. म्हणून घासून झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, मग साध्या पाण्याने धू, मग पूर्ण वाळव. पॉलिशची क्रीम लावू नकोस, तिचा तेलकट थर राहतो. शेवटी थिनरने पुसायचं आणि त्यानंतर नळीला बोट लावायचं नाही, चिमट्याने धरायचं. घामातलं मीठ पितळेला पुरतं. वर धातूसाठीचा प्रायमर, अगदी पातळ. नुसता रंग पितळेवर धरत नाही, नख लागलं की पापुद्रा निघतो.

रंग मारताना तोंडाचं भोक बुजू नये म्हणून एक युक्ती. घरच्या लवचीक वायरमध्ये तांब्याचे केसासारखे धागे असतात, पुष्कळ वायरींत ते ०.२ मिमीचे असतात. एकेक धागा प्रत्येक नळीच्या तोंडात खोचून ठेव. रंग अर्धवट सुकला की ओढून काढ. मग आत काळ्या रंगाचं टिंब, सुईच्या टोकाने.

गौरी_म्हापसा

काका, तांब्याच्या धाग्याचं मस्त आहे, बेतवाच्या नळ्या काढून नव्याने करायचा विचार मनात यायला लागलाय. दीड मिमीची रॉड इथे कुठे मिळते की बाहेरून मागवावी लागते?

लेथकाका_वास्को

लांब रॉड मागवावीच लागते, सुटी क्वचित मिळते. माझ्याकडे आहे, तुला हवी तर तुकडा देतो. ४.५ इंचाला बाहेरचा व्यास तुझ्याकडच्या रेखाटनावरून मोजून पाठव, तोंडाशी किती आणि मुळाशी किती, दोन्ही. नुसतं "१/३५० बेतवा" असं लिहू नकोस.

रोहन, तुलाही तेच. टरेटच्या भिंतीपासून नळीच्या तोंडापर्यंत बाहेर किती दिसते ते रेखाटनावरून मोज, फोटोवरून नको, फोटोत नळी आपल्याकडे वळलेली असली की आखूड दिसते. सहा लागतील, मी आठ वळतो. पेटीत बसवताना एखादी वाकलीच तर हाताशी असाव्यात. रविवारी सकाळी वास्कोला येणार असलास तर टरेट घेऊन ये, खुंटीचं भोक इथेच पाडू.

रोहन_माशेल

येतो काका. तिन्ही टरेट आणि रेखाटन आणतो. एक्स टरेट आज संध्याकाळीच काढतोय, पॉम-पॉमच्या चबुतऱ्याची उंची कुठून घ्यावी हे कुणाला माहीत असेल तर इथेच टाका.

काणकोण_दर्या

एक्स टरेटच्या खालचं गोल बार्बेट, म्हणजे टरेट ज्यावर बसते तो गोल पाया, कापून टाकू नका, आधी फोटो लावा इथे. १९४४ नंतरच्या बोटीचे दोन-तीन फोटो माझ्याकडे आहेत, मागच्या बाजूचे, रात्री टाकतो.